फ्लेक्सवर नसलेला आकडा

जून जवळ आला की कवठे महांकाळात घरोघरी एकच खल चालतो: चौथी झाली, आता पोराला झेडपीतच ठेवायचं की हायस्कूलला घालायचं? उत्तर बहुधा चौकातल्या फ्लेक्सवरून ठरतं. ज्या शाळेच्या फ्लेक्सवर गुणवंतांचे फोटो जास्त, ती शाळा चांगली. ही तुलनाच मला अमान्य आहे.

फ्लेक्स खोटं बोलतो असं नाही. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या गरीब मुलांसाठीच आहे. द्राक्षबागेत रोजानं जाणाऱ्या आईला तिचं मोल कुणी समजावून सांगायला नको. पण समजा बारा मुलं निवडली गेली, तर ती पटावरच्या चाळीसांतली की दोनशेंतली? किती जणांचा फॉर्मच भरला नाही? वेचून काढलेल्या मुलांचे जादा तास घेऊन मिळवलेल्या यशावरून बाकीच्या वर्गाला काय शिकवलं, हे कळत नाही.

‘झेडपीत शिक्षकच नसतात,’ असं पालक म्हणतात. जिथं हे खरं आहे, तिथं त्यांची तक्रार रास्तच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी प्रत्येकी निदान एक शिक्षक ठरवून दिला आहे. एकच गुरुजी तिन्ही विषय ओढत असतील, तर मूल दुसरीकडे नेणाऱ्या बापाला मी दोष देणार नाही. पण पुढचंही पाहावं. शिक्षकांची पदं पटावर मंजूर होतात, आणि 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे ही पदं ठरवण्याच्या, निर्णयानं लहान शाळांची धास्ती आणखी वाढवली. दाखले निघाले की पट घटतो, पट घटला की पद जातं आणि पुढच्या वर्षी ‘शिक्षक नाहीत’ हे वाक्य अधिकच खरं ठरतं. मळ्यावरून चालत येणारी मुलगी मात्र तिथंच उरते. तिच्या घरी तिला दूरच्या शाळेत सोडायला गाडी नसते.

मग तुलना कशावर करावी? पाचवीत अडखळत वाचणारं मूल आठवीत धडा वाचून आपल्या शब्दांत सांगतं का, यावर. ऑक्टोबर छाटणीला आईबाप बागेत गेले आणि धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहिली, तर चौथ्या दिवशी बाई वस्तीवर येतात का, यावर. मुलींच्या स्वच्छतागृहात एप्रिलमध्ये पाणी असतं का, यावर. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं तरी हा तालुका उन्हाळा विसरलेला नाही. इमारतीचा रंग मी यानंतर पाहीन.

‘हे मोजायचं कुणी?’ असं कुणी विचारेल. पालकांनीच. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. दाखला काढण्याआधी समितीच्या सभेला जा. पटावर किती, परीक्षेला बसले किती, सहावी ते आठवीला विषय शिक्षक किती, हे तीन आकडे फळ्यावर लिहून मागा. हायस्कूलातही हेच मागा.