होडीतून श्रीरामपूर

"श्रीरामपूरला जाऊन आले," असं फोनवर सांगितल्यावर आई म्हणाली, "अगं, मग तसंच नेवाशाला जाऊन पैसाचा खांब तरी बघून यायचास!"

नाही आई, नगरकडचं श्रीरामपूर नव्हे. हे कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावरचं. जुन्या इंग्रजी पुस्तकांतलं सेरामपूर. नवऱ्याच्या बदलीमुळे इकडे येऊन दीड वर्ष झालं, तरी राहून गेलं होतं.

हावड्याहून लोकल थेट जाते. पण माझं ऐकाल तर लोकलने जाऊ नका. सियालदाहून बराकपूरला यायचं, तिथून धोबी घाटावर, आणि मग होडीने नदी ओलांडायची. इंजिन लावलेली मोठी होडी, तिला इथे 'भुटभुटी' म्हणतात (आवाज ऐकला की नाव पटतं). सायकली, भाजीच्या पाट्या, क्लासला निघालेली पोरं, सगळं एकत्र. ओहोटी होती, जलपर्णीचे पुंजके समुद्राकडे चालले होते. प्रवास काही मिनिटांचाच.

होडीचा आग्रह उगाच नाही. ही नदी म्हणजे एकेकाळची सरहद्द होती. पाठीमागे बराकपूर, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची छावणी. समोरचा काठ मात्र १७५५ पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कचा, आणि गावाचं नाव राजाच्या नावावरून फ्रेडरिक्सनगर! कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून विल्यम कॅरी (मूळचा चांभारकाम करणारा माणूस) १८०० साली डॅनिश गव्हर्नरच्या आसऱ्याला इथे आला आणि त्याने आणि त्याच्या साथीदारांनी छापखाना घातला. स्टेशनवरून गेलं की आधी बाजार आणि मोबाइलची दुकानं लागतात. होडीत बसलं की दोन्ही काठ एकदम दिसतात आणि कुणी न सांगता कळतं की तो इकडेच का आला.

गाव बऱ्यापैकी सावरलंय. काठावरची डेन्मार्क टॅव्हर्न १७८६ ची. छत कोसळून नुसत्या भिंती उरल्या होत्या. डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय, इनटॅक आणि इथलं सरकार यांनी मिळून ती उभी केली, २०१८ मध्ये उघडली. खाली कॉफी, वर राहायला खोल्या. सेंट ओलाव्ह चर्च १८०६ चं. तेही धोकादायक म्हणून बंद होतं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि युनेस्कोचं पारितोषिकही मिळालं.

खरं सांगते, जुन्या वास्तूत हॉटेल म्हटलं की माझं डोकं फिरायचं. पण तिथल्या उंच छताखाली कॉफी पीत बसले तेव्हा वाटलं, ही सराईच होती ना? माणसांनी येऊन खावं-प्यावं म्हणूनच बांधलेली. तिकीट लावून दोरी बांधली असती तर पाच वर्षांत पुन्हा पिंपळ उगवला असता.

पण मी गेले होते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आपल्या मराठीची अगदी सुरुवातीची छापील पुस्तकं या गावातली. १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण इथे छापलं गेलं. १८१० मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश आला, तोही मोडीत! मोडीचे खिळे या बंगाली गावात तयार झाले. वैजनाथ पंडित मदतीला होते. पेशवाई बुडायला अजून आठ वर्षं होती, आणि पुण्यापासून इतक्या लांब कुणीतरी एकेक मोडी अक्षर जुळवत बसलं होतं.

तो छापखाना आता नाही. १८३७ मध्येच बंद पडला. मराठीचं नाव घेणारी एखादी पाटी असेल म्हणून शोधली, मला तरी दिसली नाही. पुस्तकं कॉलेजच्या कॅरी ग्रंथालयात आहेत, पण मी शहाणी रविवारी गेले. कुलूप. समोर नदीकाठी बसून शेंगदाणे खाल्ले आणि परत फिरले.

डेन्मार्कवाल्यांनी आपल्या भिंती आधी सावरल्या, त्यात त्यांचं काय चुकलं? मराठीची आठवण ठेवायला मराठी माणसानेच यायला हवं. आणि भिंती उभ्या करायला माणसं पुढे येतात, कारण भिंतींचा फोटो निघतो. कागदाचं तसं नसतं.

आता घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. (बाकीच्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल!) वाईच्या वाड्यावरून दिवाळीत जे झालं, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. वाड्यात पाहुणे ठेवायचे म्हणजे पूर्वजांचा बाजार मांडणं, असं मी बापूकाकांना तोंडावर म्हणाले. काका, ते शब्द मी मागे घेते. करा होमस्टे. ओसरीवर लोक बसू देत, चहा पिऊ देत. पुढच्या पावसाळ्यात माडी खाली येण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

पण माझी एक अट आहे. माळ्यावरची ती पत्र्याची पेटी. खापरपणजोबांचे मोडी कागद. आपल्यापैकी एकालाही ते वाचता येत नाहीत, म्हणून "सावकारीचे हिशेब असतील, काय करायचेत" असं म्हणून आपण तीस वर्षं झाकण लावून ठेवलंय. असतीलही हिशेब. पण कौलं बदलायला माणसं येतील तेव्हा पहिल्यांदा माळा रिकामा होईल, आणि रद्दीवाला कोपऱ्यावरच आहे.

दादा, काम सुरू व्हायच्या आधी ती पेटी तुझ्या घरी नेऊन ठेव. खालच्या थराला कसर लागली होती, तेव्हा नुसती उचलू नकोस, चादरीवर काढ. मी मे महिन्यात येतेय. पुण्यात मोडी शिकवणारे आहेत, चौकशी केलीय.