नाकारलेल्या घासाची किंमत

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले, तेव्हा बहुतेक चर्चा मोटारींची, टीव्हीची आणि विम्याच्या हप्त्यांची झाली. त्याच यादीतल्या एका नोंदीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. नूडल्स आणि पास्ता यांवरचा कर १२ टक्क्यांवरून, तर बिस्किटे-चॉकलेटांवरचा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सामान्य माणसाला दिलासा म्हणून कुणी याचे स्वागत केले, तर त्यात गैर काही नाही. परंतु त्याच वर्षी जानेवारीअखेरीस संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या वाढत्या खपाबद्दल चिंता व्यक्त केली होती आणि अशा पदार्थांवर जादा कर लावण्याचा विचार व्हावा, असेही सुचवले होते. जानेवारीत इशारा आणि सप्टेंबरात सवलत!

या विसंगतीचा निकाल दिल्लीत लागत नाही. तो लागतो रात्री आठच्या सुमारास, बदलापूर-विरारच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात. आई नुकतीच कामावरून आलेली असते. वाटेत पाळणाघरातून घेतलेले चार वर्षांचे मूल पेंगुळलेले, किरकिरे झालेले असते. ताटात वरण-भात-भाजी येते आणि मूल तोंड फिरवते. मग पाकीट फुटते. दुसऱ्या दिवशी फोनवर कुणीतरी वडीलधारे सुनावते, ‘सवयच लावली नाहीस तू त्याला.’

हा ठपका बरोबर आहे का? पहिल्या वर्षात मुलाचे वजन जवळजवळ तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग मंदावतो, त्याबरोबर भूकही. शिवाय दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाविषयी संशय वाटणे स्वाभाविक असते. तो संशय जायला तोच पदार्थ दहा-पंधरा वेळा, थोडा थोडा, जबरदस्ती न करता समोर यावा लागतो, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात. म्हणजे मुलाचे नखरे हा आईच्या शिस्तीचा पराभव नव्हे. तो वाढीतला एक टप्पा आहे आणि तो ओलांडायला वेळ लागतो. पैसाही लागतो.

हा पैशाचा भाग आपण हिशेबात धरत नाही. आयुष्य बँकेत आकडे जुळवण्यात गेल्यामुळे मला तो आधी दिसतो. पन्नास ग्रॅम तांदूळ, पंचवीस ग्रॅम मूगडाळ आणि चमचाभर तूप यांची मऊ खिचडी आजच्या बाजारभावाने दहा-बारा रुपयांत होते. नूडल्सचे सत्तर ग्रॅमचे पाकीट १३ ते १५ रुपयांच्या घरात पडते. कागदावर खिचडीच स्वस्त. पण मुलाने खिचडी नाकारली, की ते दहा रुपये बुडीत खात्यात जातात आणि पाकिटाचे पंधरा वर लागतात. नवी भाजी दहा वेळा समोर ठेवायची, तर त्यांतल्या सात-आठ वेळा ती वाया जाणार, हे गृहीत धरावे लागते. अमेरिकेत बॉस्टन परिसरातील कुटुंबांचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ केटलिन डॅनियल यांनी २०१६ साली नेमके हेच दाखवले. कमी उत्पन्नाचे पालक मुलांना नवे पदार्थ देणे टाळतात ते अज्ञानामुळे नव्हे; अन्न वाया घालवणे त्यांना परवडत नाही म्हणून. मूल नक्की खाईल, याची हमी पाकीट देते. गिऱ्हाईक पैसे मोजते ते या हमीसाठी.

ही हमी किती महाग पडते आहे? २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत खाद्यखर्चाच्या गटांमध्ये पेये, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. एकूण घरखर्चाच्या तो शहरांत सुमारे ११ टक्के आणि खेड्यांतही १० टक्क्यांच्या आसपास आहे. दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी होती. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. या दोन आकड्यांत थेट कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे होईल. पण खर्च वाढतो आहे आणि अंगी लागत नाही, एवढे तर म्हणता येईल.

मग घरी काय करावे? अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचे सूत्र साधे आहे : काय, केव्हा आणि कुठे वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, ते मुलाने. याचा अर्थ मुलासाठी वेगळा स्वयंपाक नको. ताटात ओळखीचे एक काहीतरी हवे आणि नवे असेल ते चमचाभरच. वाया गेले तरी चमचाभरच जाते! आपल्या घरांत अशा पदार्थांची वाण नाही. मेतकूट-तूप-भात आहे, ताक घालून केलेली तांदळाची उकड आहे, वरणफळे आहेत, उरलेल्या पोळीचा गूळ-तूप लावून केलेला कुस्करा आहे. मूगडाळीच्या पिठाचे धिरडे दहा मिनिटांत होते आणि त्यात किसलेले गाजर किंवा चिरलेली मेथी बेमालूम मिसळते. अंडे चालत असेल, तर सात-आठ रुपयांत याहून सोपे काही नाही. आणखी एक गोष्ट पाहावी. सात वाजता चार बिस्किटे आणि पेलाभर दूध पोटात गेले असेल, तर आठ वाजता दिसतो तो नखरा नसतो, भूकच नसते. फार दूध पिणाऱ्या मुलांना लोह कमी पडते, हे वेगळेच.

परंतु दहा मिनिटांचे धिरडेही कुणीतरी उभे राहून घालावे लागते. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात; पुरुष ८८. ज्या घरात हे ओझे वाटून घेतले जाते, तिथे पाकीट फुटण्याची वेळ कमी येते. ‘सवय लावली नाहीस’ असे म्हणणाऱ्याने आधी तवा तापवावा.

उरलेली जबाबदारी सार्वजनिक आहे. नवा पदार्थ पुन्हा पुन्हा देण्याचा आणि तो वाया जाण्याचा भार गरीब घर उचलू शकत नाही. अंगणवाडी आणि शाळा उचलू शकतात. चार मुले खातात म्हणून पाचवेही खाते, हे कुठल्याही अंगणवाडी सेविकेला ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले, ते या दृष्टीने मोलाचे होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि इच्छुक शाळांनी लोकसहभागातून सोय करावी, असे सांगण्यात आले. त्याच वर्षी बिस्किटांवरचा कर उतरला. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय २०१७ च्या दुरुस्तीने बंधनकारक केली, पण दुकानांत, वर्कशॉपांत, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या बहुसंख्य आया या कायद्याच्या बाहेरच राहिल्या.

मुलाची जीभ वयाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत घडते. ती घडवण्याच्या खर्चात काही घास वाया जाणारच. आज हा सगळा तोटा एकट्या आईच्या नावावर टाकला जातो. त्यातला काही भाग घरातल्या पुरुषाने आणि काही शासनाने उचलला नाही, तर तो भरून काढायला बाजार तयार बसलेला आहे, तोही आता पाच टक्के करात.