कप्तानाची वही आणि खलाशाचा जबाब

जहाजावर दोन धनी चालत नाहीत, असे दर्यावर्दी मंडळी मोठ्या ठसक्याने सांगतात; आणि ते खोटे नाही. यंत्रघरात आग लागली असता ‘मीच का?’ म्हणून हुज्जत घालणारा खलाशी आपल्याबरोबर वीस-पंचवीस जिवांना जलसमाधी देईल. पहाऱ्यावर दारू पिऊन येणाऱ्याची कीव करावी, असेही मी म्हणत नाही. येथवर आमचे भांडण नाही.

भांडण आहे ते पुढेच. हुकूम झटपट सुटावा लागतो, म्हणून शिक्षाही झटपट सुटली पाहिजे, हे कोणते तर्कशास्त्र? आग विझवताना क्षणाचीही सवड नसते. पण ती विझल्यावर चूक कोणाची हे विचारायला पुढचे बंदर येईपर्यंत दिवसच्या दिवस पडलेले असतात. तेवढ्या अवकाशात एका माणसाचे म्हणणे ऐकून घेतले, तर जहाज बुडत नाही!

कारखान्यातला कामगार साहेबाशी भांडला, तरी संध्याकाळी घरी जातो, शेजाऱ्याचा सल्ला घेतो, युनियनची कचेरी गाठतो. खलाशाने कोठे जावे? फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच टेबलाभोवती जेवतात, आणि आरोपीला उद्या पुन्हा त्यांच्याच हाताखाली राबायचे असते.

आपल्या १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्याने ही अडचण ओळखली होती. गुन्ह्याची नोंद अधिकृत लॉगबुकात करावी; तिच्यावर कप्तानाबरोबर मेटाची किंवा एखाद्या खलाशाची सही असावी; पुढचे बंदर येण्यापूर्वी तिची नक्कल आरोपीला द्यावी किंवा ती त्याला स्पष्ट व मोठ्याने वाचून दाखवावी; आणि त्याने दिलेले उत्तरही तेथेच लिहावे, असे त्यात सांगितले होते. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. पण कायदा जुना असो की नवा, गुहागरकडचा एखादा पोरगा चार अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला आणि परक्या भाषेतला आरोप ऐकून त्याने मान खाली घातली, तर त्याच्या नावापुढे काय लिहिले जाईल? ‘काही म्हणणे नाही.’ अहो, मान खाली घालणे म्हणजे कबुली नव्हे!

आणि त्या एका ओळीची किंमत काय? २००६ च्या सागरी श्रम कराराप्रमाणे खलाशाला मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाने सोसायचा. परंतु त्याने कर्तव्यात गंभीर कसूर केली असे ठरले, तर तो त्याच्याकडून वसूल करता येतो. म्हणजे नोकरी गेली, नाव गेले, वर परतीचे भाडेही अंगावर!

हा करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. तक्रार करणाऱ्या खलाशाला सोबती घेण्याचा हक्क त्यात आहे. मग तक्रार करताना सोबती चालतो, तर आरोप झेलताना का चालू नये? ब्रिटनमध्ये जहाजमालक आणि कामगार संघटना यांनी मिळून केलेल्या आचारसंहितेत आरोपीच्या वतीने बोलणारा मित्र मान्य आहे. त्यांची जहाजे काही त्यामुळे बुडालेली नाहीत.

‘असे लाड केले, तर शिस्त उरेल काय?’ असा प्रश्न येईलच. त्याला मुंबईनेच उत्तर देऊन ठेवले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नौदल-केंद्रात नाविकांनी संप पुकारला. ते व्यापारी खलाशी नव्हते, आणि स्वातंत्र्याची ऊर्मीही त्यांच्या मागे होती. परंतु ठिणगी पडली ती निकृष्ट अन्नाने आणि अधिकाऱ्याच्या शिवीगाळीने. गाऱ्हाणे ऐकले गेले नाही, म्हणून शिस्त मोडली. ऐकले गेले म्हणून नव्हे.

आमचे मागणे फार नाही. आरोप खलाशाला समजेल अशा भाषेत सांगा. त्याच्या पसंतीचा एक सोबती शेजारी उभा राहू द्या. आरोप आणि शिक्षा यांच्यामध्ये निदान एक रात्र जाऊ द्या. आणि जो गुन्हा खलाशाच्या नावावर चढतो, तोच अधिकाऱ्याने केला तर त्याच्याही नावावर चढू द्या.

कोकणातल्या कितीतरी घरांत आज आकाशकंदिलाखाली जहाजावरच्या मुलाच्या फोनची वाट पाहिली जात असेल. तो मुलगा हुकूम पाळील. त्याचा जबाब मात्र त्याच्याच शब्दांत त्या वहीत उतरला पाहिजे.