जुन्या बाजारातल्या कोऱ्या गाड्या

इथे अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना एक गंमत दिसते. साधी टोयोटा लाखभर मैल पळून विकायला येते. मोजक्याच बनलेल्या स्पोर्ट्स कार मात्र अनेकदा दोन-तीनशे मैलांतच. गाडी आवडली नाही म्हणून? छे!

२०१६ची पोर्शे ९११ आर घ्या. जगभरात फक्त ९९१ गाड्या, किंमत सुमारे १ लाख ८५ हजार डॉलर. थोड्याच दिवसांत त्या दुपटीहून जास्त भावाने विकायला आल्या. नव्या फोर्ड जीटीसाठी तर कंपनीने गिऱ्हाइकं निवडून घेतली, दोन वर्षं न विकण्याचा करार केला. तरी डब्लूडब्लूईवाल्या जॉन सीनाने विकलीच! २०१७ मध्ये फोर्डने त्याला कोर्टात खेचलं. २०१८ मध्ये तडजोड झाली.

मी दोष गिऱ्हाइकाला देणार नाही. आपल्याकडची बजाज चेतकची वर्षानुवर्षांची रांग आठवा. नंबर लागला की स्कूटरवर वरचे पैसे मिळायचे. तिथे टंचाई लायसन्स-राजची होती, इथे कंपनीने मुद्दाम केलेली. मधला फरक पहिल्या मालकाच्या खिशात जातो. शिवाय मैल वाढले की भाव उतरतो, म्हणून गाडी कव्हराखाली. इंजिनियरांनी जीव ओतून बनवलेलं यंत्र पळतच नाही!

करार कसले करता? चार गाड्या जास्त बनवा की.