आधी पंखा बदला

उन्हाळा तोंडावर आला की घराघरांत एकच विषय निघतो: यंदा एसी घ्यायचा का? या स्तंभाच्या वाचकांनाही मार्चपासून हाच प्रश्न पडलेला असतो. माझं उत्तर दर वर्षी तेच आहे. घ्या, परवडत असेल तर जरूर घ्या, पण त्याआधी छताला लटकणाऱ्या पंख्याकडे एकदा नीट बघा. मराठी घरात सर्वांत जास्त तास चालणारं आणि सर्वांत कमी विचारलं जाणारं यंत्र तेच आहे.

पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो. वारा अंगावरून गेला की घाम लवकर वाळतो आणि त्याबरोबर अंगातली उष्णता जाते. खोलीत कुणी नसताना फिरणारा पंखा मात्र मोटरच्या उष्णतेने खोली उलट थोडी तापवतोच. ‘जरा हवा खेळती राहू दे’ म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवायची सवय अनेक घरांत आहे. ती सोडायला एक पैसाही लागत नाही.

आता पैशांचं बघू. आपल्याकडचा नेहमीचा, 48 इंची जुना पंखा पूर्ण वेगात साधारण 75 वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा 28 ते 35 वॅटमध्ये देतो. फरक मोटरमध्ये आहे. जुन्या मोटरला फिरणाऱ्या भागात चुंबकत्व तयार करण्यासाठीही वीज खर्चावी लागते आणि त्यातली बरीच उष्णता होऊन वाया जाते. बीएलडीसीमध्ये तिथे कायमचुंबक बसवलेलं असतं. रात्रभर चाललेला जुना पंखा सकाळी बंद करून, पाती थांबल्यावर स्टुलावर चढून मोटरला हात लावून पाहा. ती गरम लागते. ती ऊब तुम्ही बिलात भरलेली असते.

जो पंखा दिवसाला 15 तास चालतो, तो बदलला तर महिन्याला साधारण 21 युनिट वाचतात. युनिटमागे दहा रुपये धरले तरी दोनशे रुपये झाले. महावितरणच्या बिलात पहिल्या 100 युनिटना एक दर, 101 ते 300 ला त्याहून बराच चढा दर, आणि पुढे आणखी वरचे टप्पे. बचत नेहमी शेवटच्या, महागड्या युनिटांतून होते. महिन्याला 130-140 युनिट जाळणाऱ्या घराने जास्त चालणारे दोन पंखे बदलले, तर ते घर शंभरच्या आसपास येतं. अशा घरात एसी नसतो, गीझर नसतो. पंखे, फ्रिज आणि टीव्ही एवढंच असतं. म्हणूनच मला हा विषय हौशी बचतीचा वाटत नाही. लहान घराच्या बिलात पंख्याचा वाटा मोठा असतो आणि सर्वांत जुने, दोनदा रिवाइंडिंग केलेले पंखे त्याच घरांत फिरत असतात.

सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. ज्याच्याखाली घर झोपतं आणि ज्याच्याखाली घर बसतं, ते दोन आधी. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

घेताना डिझाइनपेक्षा लेबल वाचा. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आहे. त्यावर पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो आणि दर वॅटमागे किती, दोन्ही छापलेलं असतं. सोनेरी पट्ट्यांचा, दिव्यांचा देखणा पंखा अनेकदा हवा देण्यातच कमी पडतो. बसवतानाही वायरमनला दोन गोष्टी सांगा. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर ठेवायचा नाही, जोडणी ‘डायरेक्ट’ करून घ्यायची. नाहीतर आतली सर्किट बिघडते. आणि पीओपीच्या छतामुळे उंची कमी पडते म्हणून दांडा कापू द्यायचा नाही. पाती छताला चिकटली की वरून हवा ओढायला जागा उरत नाही, पंखा नुसता फिरतो.

बीएलडीसीची अडचणही आहे. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात त्याची सर्किट जाते आणि नाक्यावरच्या वाइंडिंगवाल्याला ती दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे तालुक्याला सर्व्हिस सेंटर आहे का, हे विचारूनच घ्या. मात्र भारनियमनाच्या भागात हाच पंखा इन्व्हर्टरवर दुप्पट वेळ चालतो. परीक्षेच्या दिवसांत त्याची किंमत ज्याची त्याला कळते.

नवा घेणं शक्य नसेल तर जुन्याची डागडुजी करा. पंखा मंद झाला की बहुतेकदा कंडेन्सर उतरलेला असतो; तो अगदी थोडक्या पैशांत बदलून मिळतो. पात्यांच्या धारेवरची धूळ पुसा. भिंतीवर जुना खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर काढून टाका. त्यावर पंखा दोनवर आणला तरी उरलेली बरीच वीज त्या खोक्यातच जळते.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी पंखा बंद करू नये. एसी 26-27 वर आणि पंखा मध्यम वेगात, एवढ्यात बहुतेकांना छान झोप लागते. तापमान एक अंशाने वाढवलं की एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. दीड हजार वॅट ओढणारा एसी तासाला जेवढी वीज खातो, तेवढ्यात 30 वॅटचा पंखा पन्नास तास फिरतो.

पावसाळ्यात कोकणात-मुंबईत दोरीवरचे कपडे वाळवायचं काम पंख्यावरच येतं आणि तेव्हाही तो रात्रभर चालतो. अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांच्या घरी थंडीत पंखा उलटा फिरवून छताजवळची गरम हवा खाली आणतात. आपल्याकडे खोल्या तापवतच नाहीत, तेव्हा त्या बटणासाठी जास्त पैसे मोजू नका.

एक मर्यादा मात्र गंभीरपणे लक्षात ठेवा. हवा 40 अंशांच्या वर गेली की पंखा शरीराला गार करत नाही, तापवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा तसा स्पष्ट इशारा आहे. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याच्या मे महिन्यातल्या दुपारी म्हाताऱ्या माणसांना बंद खोलीत नुसत्या पंख्याखाली झोपवू नका. तिथे कूलर हवा, ओला पंचा हवा, पाणी हवं.

सरकारने 2015 मध्ये उजाला योजनेत एलईडी बल्ब बाजारभावाच्या कितीतरी खाली आणले आणि घराघरांतले पिवळे बल्ब गेले. पंख्यांसाठी एक कोटींचा कार्यक्रम 2023 मध्ये जाहीर झाला, पण बल्बसारखा जोर अजून दिसत नाही. तो दिसायला हवा. सरकारी वसतिगृहं, शाळा आणि घरकुलं यांच्या निविदांत पंख्याची खरेदी किंमत नव्हे, तर दहा वर्षांचं बिल मोजलं गेलं पाहिजे.

भाड्याच्या घरात तर हे गणित आणखी अडतं. पंखा घरमालकाचा, बिल भाडेकरूचं. मालकाला बदलायचं कारणच नाही. अशा वेळी आपला पंखा आपण घ्या, मालकाचा माळ्यावर नीट गुंडाळून ठेवा, घर सोडताना तो परत लावा आणि स्वतःचा घेऊन जा. वायरमनचं ते अर्ध्या तासाचं काम आहे.