दाढेचा पू गळ्यापर्यंत उतरेपर्यंत थांबायचं का? दातांचे उपचार आरोग्य योजनेत घ्या!

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील रेशनकार्डधारक बंधू-भगिनींनो,

हे पत्रक हातात पडल्यावर आधी आपल्या घरातली माणसं डोळ्यांसमोर आणा. खालच्या दाढेला खड्डा पडलेली आई. पुढच्या दातांवर काळे डाग आलेला पहिलीतला मुलगा. भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय जेवता न येणारे आजोबा. तिघांनाही सरकारी आरोग्य योजनेचं पाच लाखांचं संरक्षण आहे. तरीही त्या योजनेतून आईची दाढ भरली जात नाही, मुलाच्या दातावर उपचार होत नाहीत आणि आजोबांना कवळी मिळत नाही. हे असं का आहे आणि ते कसं बदलता येईल, एवढंच सांगायला हे पत्रक काढलं आहे.

योजना मोठी झाली, दात बाहेरच राहिले

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली, तेव्हा आपले दोन्ही जिल्हे तिच्यात आले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालवली जाऊ लागली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, उपचारांची यादी ९९६ वरून १,३५६ वर गेली आणि पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबंही योजनेत आली. हे चांगलं झालं. हृदयाचं ऑपरेशन, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार यांसाठी या योजनेने आपल्या भागातली कित्येक घरं कर्जातून वाचवली आहेत. ती मोडा असं आम्ही म्हणत नाही. ती पुरी करा, असं म्हणतो.

योजनेची घडणच अशी आहे, की रुग्ण दाखल झाला, पॅकेजला मंजुरी आली, तर पैसे. अपघातात जबडा मोडला, जबड्यात मोठी गाठ झाली, तोंडाचा कर्करोग झाला, तर योजना धावून येते. दात साफ करणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल, कवळी ही कामं मात्र दाखल न होता, खुर्चीत बसून होतात. म्हणून ती बाहेर. केंद्राच्या योजनेच्या वगळलेल्या बाबींत दात भरणं आणि रूट कॅनाल सरळ नाव घेऊन टाकले आहेत. आजार किंवा इजेमुळे दाखल व्हावं लागलं, तरच त्यांचा विचार.

याचा अर्थ नीट समजून घ्या. दाढ किडली तेव्हा योजना नाही. दाढ ठणकून रात्रीची झोप गेली तेव्हाही नाही. ती कीड जबड्यात उतरून माणूस खाटेवर पडला, की योजना हजर.

एका दाढेची गोष्ट

आमच्यापैकी एकाच्या चुलतीने हे सगळं भोगलं आहे. माण तालुक्यातलं गाव, दुसऱ्याच्या रानात रोजगार. उजव्या बाजूची खालची दाढ दोन वर्षं दुखत होती. पहिल्यांदा लवंग दाबली. मग मिश्री भरली. बाजारात दाताचा किडा काढून देणाऱ्या बाईला पैसे दिले, तिने कापसावर किडा दाखवला, ठणका तसाच राहिला. कुणीतरी सांगितलं म्हणून दुखीची गोळी चुरून हिरडीवर ठेवली, तर हिरडी भाजून पांढरी पडली. एकदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आल्या. दाढ भरायचा खर्च ऐकला, तो चार दिवसांच्या मजुरीहून जास्त होता. कार्ड चालेल का विचारलं. दातासाठी चालत नाही, असं उत्तर मिळालं.

भर सुगीत एके सकाळी उठल्या तर गाल आणि हनुवटीखालचा भाग दगडासारखा कडक झालेला. तोंड बोटभरही उघडेना. जीभ वर उचललेली. थुंकी गिळता येईना, ती ओढणीच्या टोकाला टिपत बसल्या होत्या. दाढेचा पू जिभेखाली उतरला होता, आणि तो आणखी खाली सरकला असता तर श्वासच अडला असता. तिथून जीप, मग मोठं रुग्णालय, गळ्याखाली चिरा देऊन पू काढणं, आठ दिवस खाट. शेवटी ती दाढही काढलीच. घरच्यांनी मधले पंधरा दिवस रोजगार बुडवला. जी दाढ एका बैठकीत भरता आली असती, तिच्यासाठी एक बाई मरणाच्या दारात जाऊन आली.

चुलती वाचल्या. पण दाढेच्या पुवामुळे दगावणारी माणसं आजही आहेत, आणि त्यांच्या घरात मरणाचं कारण अनेकदा ‘ताप आला’ एवढंच सांगितलं जातं.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट का

२००२-०३ च्या राष्ट्रीय मुख आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळेत आणि अंगणवाडीत येतं, तोंड उघडायला लावतं आणि दात किडल्याची नोंद करतं. नोंद झाल्यावर त्या मुलाला कुणाच्या खुर्चीत बसवायचं, हा प्रश्न बापाच्या गळ्यात पडतो.

दुसरी गोष्ट तंबाखूची. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ लोक धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. म्हणजे जवळपास दर चौथा माणूस. आपल्याकडे बाया सकाळी मिश्री लावतात, पोरं मावा खातात, गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही तो मिळतो. सुपारीने तोंड उघडणं कमी होतं, गालाच्या आत पांढरा चट्टा येतो. हा चट्टा आरशात सहज दिसत नाही, सहसा दुखतही नाही. तो दिसतो दाताच्या डॉक्टरला, दाढ तपासताना. म्हणून दातांची साधी तपासणी हीच तोंडाच्या कर्करोगाची पहिली तपासणी आहे. आज आपण ती तपासणी योजनेबाहेर ठेवतो आणि कर्करोग झाल्यावर जबडा काढायचे पैसे योजनेतून देतो.

नेहमीची तीन उत्तरं

पहिलं उत्तर: ‘डॉक्टर कुठे आहेत?’ देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं आहे, कराडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं आहे. शिकणाऱ्या डॉक्टरांना रुग्ण हवेच असतात. अडचण अंतराची आणि खर्चाची आहे. उमदीहून सांगली शंभर किलोमीटरहून जास्त. दाढेसाठी तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवसांचा रोज आणि तीन वेळचं एसटीचं भाडं. राज्य सरकारची स्वतःची जुनी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. पश्चिम महाराष्ट्रात एकही नाही.

दुसरं उत्तर: ‘लोकच येत नाहीत.’ लोक येत नाहीत, कारण दात दुखणं हे आजारपण मानायला आपल्याला कुणी शिकवलं नाही. वरची दाढ काढली की डोळे जातात, असं आजही सांगितलं जातं. हे खरं नाही, वरच्या दाढेच्या शिरा डोळ्यांच्या दृष्टीला जोडलेल्या नाहीत. पण जिथे कार्ड चालतं तिथे लोक रांग लावतात, हे याच योजनेने दाखवलं आहे. कार्ड चालवा, मग बघा लोक येतात की नाही.

तिसरं उत्तर: ‘पैसा कुठून आणायचा?’ थायलंड श्रीमंत देश नव्हता, तरी २००२ मध्ये त्याने सगळ्यांसाठी आरोग्य संरक्षण आणलं आणि त्यात दात काढणं, भरणं, साफ करणं आणि कवळी धरली. ब्राझीलने २००४ मध्ये सरकारी दंतसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. एवढं लांब जायचीही गरज नाही. जतच्या पलीकडे सीमा ओलांडली की कर्नाटक. तिथल्या सरकारने ‘दंतभाग्य’ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना दंत महाविद्यालयांमार्फत मोफत कवळ्या दिल्या. विजयपूरच्या म्हाताऱ्याला जे मिळू शकतं, ते जतच्या म्हाताऱ्याला का मिळू नये?

आमच्या मागण्या

१. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दाखल न होता होणारे दातांचे पाच उपचार घ्या: तपासणी, दात साफ करणं, दात भरणं, दात काढणं आणि साठीच्या पुढच्यांना कवळी. मुलांच्या पुढच्या दातांचा आणि पहिल्या पक्क्या दाढेचा रूट कॅनालही त्यात धरा.

२. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात चालू खुर्ची, कायम दंतशल्यचिकित्सक आणि भरायचं साहित्य ठेवा. राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे, आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत मुख आरोग्य आहे. कागदावरची सेवा खुर्चीत उतरवा.

३. सांगली आणि कराडच्या दंत महाविद्यालयांना योजनेतून पैसे द्या, आणि त्या बदल्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव, पाटण या तालुक्यांत ठरलेल्या वारी फिरतं पथक पाठवायचं बंधन घाला.

४. शाळेत दात किडल्याची नोंद झालेल्या मुलावर उपचार होईपर्यंत ती नोंद बंद करू नका.

५. कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळ या औद्योगिक वसाहतींतील विमाधारक कामगारांच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का राज्य कामगार विम्याला कापला जातो. या विम्याच्या कायद्यात बाह्यरुग्ण उपचार आहेत. त्यांच्या दवाखान्यात दंतसेवा कुठे मिळेल, हे फलकावर लावा.

तुम्ही काय करायचं

आजच्या आज करता येण्यासारखं काही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपर आणि उपचार मोफत आहेत. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि दाताचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारा. नसतील, तर तसं लेखी मागा. तोंड सुजलं, गिळता येईना, तोंड उघडेना, तर एक रात्रही थांबू नका, मोठ्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. योजनेची मदत हवी असेल तर १५५३८८ वर फोन करा. तोंडात तीन आठवड्यांहून जास्त राहिलेला चट्टा किंवा जखम असेल, तर ती दाखवाच.

आणि पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, जी जवळ असेल ती सभा. ठराव एका ओळीचा आहे: ‘आमच्या गावाच्या वतीने दातांचे उपचार महात्मा फुले योजनेत घेण्याची मागणी करीत आहोत.’ ठरावाची प्रत तहसीलदारांना, आमदारांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या, पोच घ्या.

ही योजना ज्यांच्या नावाने चालते, त्या जोतिरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. सावित्रीबाईंचा जन्म खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा, आणि १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्या गेल्या. त्यांच्या गावच्या बाईने दाढेत मिश्री भरून रात्र काढावी, हे आपण यापुढे चालू द्यायचं नाही. कटगुण आणि नायगावने हा ठराव पहिल्यांदा करावा, आणि त्यामागे दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावाने उभं राहावं.

आपले,
सातारा-सांगलीतील रुग्ण हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते

(वाचून झाल्यावर हे पत्रक फेकू नका. शेजारच्या घरात द्या.)