रमजानचे स्वयंपाकघर कोणाचे?

सीएसएमटीहून सुटलेली हार्बर मार्गाची लोकल पनवेलला पोहोचायला साधारण ऐंशी मिनिटे घेते. मार्चमध्ये पनवेलला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या रोजेदाराला घरी जाऊन इफ्तार करायचा असेल, तर सव्वापाचची गाडी तरी हाती लागायला हवी. ज्यांचे ऑफिस सहाला सुटते, त्यांना ते शक्य नाही. मग चेंबूर-गोवंडीच्या आसपास डब्यात कुणाच्या तरी मोबाइलवर अजान होते, पर्समधून किंवा बॅगेतून खजुराची डबी निघते आणि शेजारचा अनोळखी प्रवासी पाण्याची बाटली पुढे करतो. दोन खजूर, चार घोट पाणी, इफ्तार झाला. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचा इफ्तारही खजुराने होत असे आणि खजूर नसेल तेव्हा पाण्याच्या काही घोटांवर होत असे, असे हदीसमध्ये आले आहे. त्या अर्थाने लोकलच्या डब्यातला इफ्तार सुन्नतच्या जवळचा म्हणायला हरकत नाही.

डब्यात रोजा सोडणारा पुरुष आणि रोजा सोडणारी बाई, दोघे सारखेच दमलेले असतात. फरक पडतो तो पनवेल स्टेशनच्या बाहेर पडल्यावर. तो मशिदीकडे वळतो किंवा घरी जाऊन दस्तरखानावर बसतो. ती पायातली चप्पल काढते आणि सरळ गॅसपाशी जाते. सगळ्याच घरांत असे घडते असे नाही, पण ज्या घरांत घडते तिथे ते कुणाला वेगळे वाटत नाही आणि गोम तिथेच आहे.

इतर अकरा महिन्यांत घरात दोन वेळचा स्वयंपाक होतो. रमजानमध्ये जेवणाच्या वेळा कमी होतात, स्वयंपाक मात्र वाढतो. पहाटे सहरी. संध्याकाळी इफ्तारी, म्हणजे भजी, समोसे, चणे, कापलेली फळे, सरबत. मगरिबच्या नमाजनंतर किंवा तरावीह आटोपून आल्यावर पुन्हा रीतसर जेवण. हे तीन वेगळे स्वयंपाक आणि त्यांची तीन वेळची भांडी. सहरीची वेळ साडेपाचच्या आसपास संपते, म्हणून घरातली बाई चारला उठते. रात्रीची भांडी घासून होईपर्यंत साडेअकरा वाजतात. मधले तास नोकरीचे, मुलांच्या शाळेचे. त्यात या दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. परीक्षेला बसणारे मूल घरात असेल, तर त्याच्या वेळा वेगळ्या सांभाळायच्या. महिन्यातले जे दिवस तिला रोजा माफ असतो, त्या दिवसांतही तिचे उठणे चुकत नाही. शरीयतने दिलेली सवलत स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच पोहोचते.

हा भार एकट्या मुस्लिम घरांचा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. यातले पुरुषांचे ८८ मिनिटे हे जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचेच आहेत. जे लावतच नाहीत ते या सरासरीत नाहीत. गणपतीत, दिवाळीच्या फराळात हेच चित्र शेजारच्या घरांत दिसते. मात्र रमजान तीस दिवस चालतो आणि काम करणारी स्वतः उपाशी असते, म्हणून तो अधिक टोचतो.

'रोजेदाराला इफ्तार करवण्याचा सवाब मोठा आहे,' हे वाक्य बायकांना वारंवार ऐकवले जाते. सवाब मोठा आहे, यात शंका नाही. पण तो केवळ बायकांसाठी राखून ठेवल्याचे कुठे लिहिलेले नाही. कोणत्याही मशिदीत इफ्तारच्या अर्धा तास आधी डोकावून पाहावे. प्रवासी, मजूर, एकटे राहणारे यांच्यासाठी ताटे लागत असतात. कलिंगड कापणारे पुरुष, खजूर मोजून वाढणारे पुरुष, सरबत ढवळणारी पोरे. कुणाला लाज वाटत नाही, कुणी 'हे आमचे काम नव्हे' म्हणत नाही. तमिळनाडूतल्या मशिदींत तर रमजानभर नोंबू कंजीच्या मोठमोठ्या देगी पुरुषच शिजवतात. लग्नातली बिर्याणीची देगही बावर्ची पुरुषच उतरवतो. मशिदीत ज्या हातांना सुरी धरता येते, त्याच हातांना घरच्या ओट्यापाशी ती का जड होते? बुखारी शरीफमधल्या एका हदीसमध्ये हजरत आयशा (रजि.) यांना कुणी विचारले की, पैगंबर (स.) घरात काय करत. त्यांनी सांगितले, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. जुम्याच्या खुत्ब्यात या हदीसची आठवण रमजानमध्ये तरी वरचेवर व्हायला हवी.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तळोजा एमआयडीसीत पाळीवर असलेला कामगार मशीनपाशी रोजा सोडतो, रिक्षाचालक रस्त्याच्या कडेला. त्यांनी घरी येऊन पोळ्या लाटाव्यात असा कुणाचा आग्रह नाही. प्रश्न दस्तरखानाच्या आकाराचा आहे. तो लहान झाला, तर सगळ्यांचेच ओझे उतरते.

लहान करण्याचा सोपा उपाय म्हणजे इफ्तारी आणि जेवण यांतली भिंत पाडणे. खजूर, पाणी, एक फळ घेऊन रोजा सोडावा, मगरिब पढावी आणि त्याच दस्तरखानावर जेवावे. रायगडातल्या कोकणी मुस्लिम घरांत तांदळाची भाकरी, माशाचे कालवण आणि भात असे जेवण पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. तेवढे पुरेसे असते आणि पोटालाही मानवते. दिवसभराच्या उपासावर तळणाचा मारा केला की तरावीहमध्ये उभे राहताना त्याची आठवण येते. तळण करायचेच तर जुम्याला, रविवारी करावे. रोज केलेल्या भज्यांचे मुलांनाही चौथ्या दिवशी कौतुक उरत नाही. तीनांतला एक स्वयंपाक असा सरळ कमी होतो. सहरीचेही तसेच. रात्रीच्या भातावर, डाळीवर, मुगाच्या खिचडीवर, दही-केळ्यावर सहरी निभते. सुकट-बोंबील तेवढे सहरीला टाळलेले बरे, नाहीतर दुपारी तहानेने जीव जातो. कुरआनने खाण्यापिण्यात उधळपट्टीला मनाई केली आहे. ती पैशांपुरती आहे असे आपण धरून चालतो, पण दुसऱ्याची झोप आणि कष्ट उधळणे हीसुद्धा उधळपट्टीच आहे.

अलीकडे यावर एक उपाय फार बोलला जातो. शाबान महिन्यातच शंभर-दीडशे समोसे, रोल, कबाब करून फ्रीजरमध्ये भरून ठेवायचे. व्हिडिओ पाहून घरोघरी हे सुरू झाले आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, पिशव्यांत वाटण, आले-लसणाचे तयार गोळे. दिसायला सुरेख. वाटण आणि भिजवलेल्या चण्यांपुरते ते खरोखर उपयोगीही आहे. चणे उकडून वाट्या-वाट्यांनी गोठवले तर आठवडा सोपा जातो. पण शाबानचे सगळे रविवार ओट्यापाशी उभे राहून रमजानची संध्याकाळ मोकळी करायची आणि त्या मोकळ्या संध्याकाळी तेच समोसे तळत बसायचे, यात श्रम वाचले कुठे? ते फक्त महिनाभर अलीकडे सरकले. आधी पदार्थांची यादी छाटावी, मग उरले त्याची तयारी करावी.

घराच्या मांडणीचेही असेच आहे. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे इथल्या सिडकोच्या इमारतींत बहुतेक कुटुंबे एक-दोन खोल्यांत संसार करतात. तिथे प्लास्टिकचे आकर्षक डबे आणून घर नीट होत नाही, उलट डबे ठेवायला जागा शोधावी लागते. वस्तू कुणाच्या हाताला लागते, हे पाहिले पाहिजे. इफ्तारच्या बशा, पेले, दस्तरखान, खजुराचा डबा वरच्या फळीवर असेल तर आठ वर्षांचे मूल मदत करू शकत नाही. खालच्या कप्प्यात असेल तर दस्तरखान घालणे हे त्याचेच काम होते आणि ते त्याला आवडते. जानमाज, टोप्या, रिहल आणि कुरआन एका ठरलेल्या कोपऱ्यात असले की नमाजच्या वेळी 'अम्मी, माझी टोपी कुठे?' ही हाक थांबते. घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे एकाच व्यक्तीला ठाऊक असणे, हे व्यवस्थेचे लक्षण नाही. त्या व्यक्तीला सुट्टी मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या भाषांनीही यात हातभार लावला आहे. उर्दूत नीटनेटके घर ठेवणारीला 'सुघड' म्हणतात. मराठीत सुगरण. व्यवहारात दोन्ही शब्द बाईलाच चिकटले आहेत. चांगला स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाला मराठीत फार तर आचारी म्हणतात. गंमत अशी की सुगरण पक्ष्याचे ते प्रसिद्ध घरटे विणतो नर. डेप्युटी नझीर अहमद यांनी १८६९ साली 'मिरात-उल-उरूस' लिहिली, ती आपल्या मुलींनी वाचावी म्हणून. त्यातली असगरी घराचा हिशेब हातात घेते, मामा अजमतची चोरी पकडते, विस्कटलेले सासर सावरते. उर्दू वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांतल्या मुलींना असगरीसारखे व्हा, असे सांगितले गेले. दीडशे वर्षे उलटून गेली. असगरी आता बेलापूरला नोकरी करते, घराचा हप्ताही भरते. मुलांच्या हाती मात्र असे पुस्तक अजून कुणी दिलेले नाही.

सजावट हा या महिन्यातला नवा विषय. पूर्वी मोहल्ल्यांत रंगीत कागदाच्या पताका लागत, घरांना चुना मारला जाई, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होई. आता बाजारात चांदताऱ्यांच्या दिव्यांच्या माळा, सोनेरी अक्षरांचे फलक, प्लास्टिकचे फानूस मिळतात. फानूस कैरोहून जगभर गेला. मराठीतला फाणस हे त्याच शब्दाचे रूप. कोकणात तो एके काळी घराघरांत टांगलेला असे, तेव्हा त्याला सजावट कुणी म्हणत नव्हते. या नव्या हौसेला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. तसे करण्याचे कारण नाही. शेजारच्या गॅलरीत दिवाळीचा आकाशकंदील पाहणाऱ्या मुलाला आपल्याही घरात काहीतरी लुकलुकावेसे वाटले, तर ते साहजिक आहे. खटकते ते दरवर्षी नवे विकत आणणे आणि मुलाच्या पहिल्या रोजाच्या रोजाकुशाईला फुग्यांच्या कमानी उभारून हॉल घेणे. शेजारणीने केले म्हणून आपणही, अशी ती चढाओढ असते आणि तिचा खर्च कर्जाच्या हप्त्यात मोडणाऱ्या घरांना सोसत नाही. त्यापेक्षा पतंगी कागद, कात्री आणि डिंक मुलांच्या हाती द्यावा. वेडावाकडा चंद्र होईल. तोच डब्यात घालून पुढच्या वर्षी काढावा.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान ऋतूंमधून फिरत राहतो. सध्या तो पाडव्याच्या सोबतीला आला आहे. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि ईद दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला. सोसायटीच्या एका मजल्यावर गुढी आणि शेजारच्या दारावर कागदी चंद्र असे दृश्य तेव्हा पनवेलमध्ये जागोजागी दिसले. या शेजारामुळे ताटांची देवघेव वाढते. झाकलेले ताट जाते आणि रिकामे परत येत नाही. ही रीत मोडू नये, पण ताटात सहा पदार्थ असलेच पाहिजेत असे नाही. मूठभर खजूर आणि दोन केळी मुलाच्या हाती दिली तरी शेजारची काकू तेवढ्याच आनंदाने घेते. बदल्यात तिच्याकडून श्रीखंड येते, तेव्हा ते तिने घरी केले की डेअरीतून आणले, हे कुणी विचारत नाही.

शेवटचे दहा दिवस उरतात आणि घाई टिपेला पोहोचते. लैलतुल कद्र याच रात्रींमध्ये शोधायची असते. पुरुष मशिदीत जागतात, काही एतेकाफला बसतात. घरात त्याच रात्री पडदे धुतले जातात, पंखे पुसले जातात, मुलांच्या कपड्यांसाठी बाजारात खेटे होतात. वर्षातली सर्वांत मोठी रात्र पुष्कळ बायकांच्या वाट्याला शिवणयंत्रापाशी किंवा मोरीत येते. पडदे शाबानमध्ये धुता येतात. कपडे रमजान सुरू होण्याआधी घेता येतात, तेव्हा गर्दीही कमी असते. हे कळत नाही असे नाही. ठरवायला घरातली सगळी माणसे एकदा एकत्र बसत नाहीत, इतकेच.

आणि शीरखुर्मा. त्याच्या खारका आधी भिजत घालाव्या लागतात, बिया काढून पातळ कापाव्या लागतात. बदाम सोलायचे, पिस्ते चिरायचे, चारोळी निवडायची, शेवया तुपावर परतायच्या. चांदरातीला चंद्र दिसल्याची बातमी येते तेव्हा आठ वाजत आलेले असतात. त्या वेळी घरातले बापलेक मोबाइलवर ईदच्या मुबारका पाठवत बसलेले असतात. त्यांच्यासमोर एक ताट, दोन सुऱ्या आणि भिजलेल्या खारका ठेवून पाहाव्यात.